उतादा हिकारूचं 'ऑटोमॅटिक': पहिल्याच ओळीत शब्द का मोडलाय?

बकुळफूल
नमस्कार मंडळी. मी पुण्यात जपानी शिकतेय, डिसेंबरात एन-थ्रीची परीक्षा आहे. गेल्या शनिवारी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, वर्गात एक जुनं गाणं लावलं आणि पहिली ओळ ऐकून लिहायला सांगितली. उतादा हिकारूचं 'ऑटोमॅटिक'. ९ डिसेंबर १९९८ ला आलेलं तिचं पहिलं सिंगल. वर्गात आम्ही चौदा जण, पण ओळ बरोबर लिहिली असा एकही नाही.

शब्द एकही अवघड नाही हो. 'सातव्या रिंगला रिसीव्हर उचललास तू' एवढाच अर्थ. पण कानावर पडतं ते असं:

ना... नाकाइमेनोबे... रुदे जुवाकी ओ तोत्ता किमी

'नानाकाइमे' म्हणजे सातव्यांदा. त्यातला पहिला 'ना' सुटा पडलाय. 'बेरु' म्हणजे बेल. त्यातला 'बे' एका श्वासात आणि 'रु' पुढच्या श्वासात. निम्म्या वर्गाने 'रुदे' हा स्वतंत्र शब्द समजून लिहिला. जपानीत असा शब्दच नाही.

घरी आल्यावर व्हिडिओ पाहिला. एका सोफ्यापुढे ती गुडघ्यात वाकून, खांदे पुढे घेऊन डोलतेय. सरळ उभी राहावी असं तिला वाटतच नाही जणू. गीत तिचं, चाल तिची, आवाज तिचा, आणि वय पंधरा! रात्री चार वेळा पाहिला.

मला विचारायचंय ते हे, की शब्द असा मध्येच मोडलेला जपानी माणसाच्या कानालाही खटकला का? आणि ती वाकून का गाते? माझं मत आधीच सांगते: सगळी जादू त्या मोडलेल्या शब्दात आहे.

रातकिडा
आत्ताच ऐकलं. तो पहिला 'ना' आला आणि काम बाजूला ठेवलं. आवाज पंधरा वर्षांचा वाटत नाही.

निशिकासाई_लोकल
अरे वा, या गाण्यावर मराठीत धागा! २००९ पासून टोकियोत आहे, तेव्हा वाकण्याचं मी सांगतो.

व्हिडिओच्या सेटचं छत फार खाली घेतलं होतं. सरळ उभं राहिलं तर डोकं टेकेल, म्हणून ती अर्धी वाकून नाचते. मुद्दाम बसवलेली नृत्याची अदा नव्हती ती. पण बघणाऱ्याला छताशी काय देणंघेणं? त्याच्या मनात ठसली ती सोफ्यापुढची वाकलेली मुलगी. पुढे टीव्हीवरच्या विनोदी कलाकारांनी ती नक्कल इतकी केली की आज चाळिशी-पन्नाशीतला कुठलाही जपानी माणूस हे गाणं म्हणजे ते वाकणं असंच समजतो.

आमच्या ऑफिसची बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरची पार्टी, कराओकेत होती. विभागप्रमुख अतिशय शिस्तीचे गृहस्थ, त्यांना कधी मोठ्याने हसतानाही पाहिलं नव्हतं. कुणीतरी 'ऑटोमॅटिक' लावलं. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, टायचं टोक शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचलं आणि गुडघे वाकवले. खोलीतले त्यांच्या वयाचे सगळे एका क्षणात खाली! मी आणि एक व्हिएतनामी सहकारी, दोघेच सरळ उभे. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्हीही वाकलो.

थालीपीठ
बकुळफूल, धागा छान, पण मत पटलं नाही. चालीसाठी शब्द मोडणं यात नवल काय? ख्यालात बंदिशीचा शब्द चार आवर्तनांत विखुरतो. भावगीतातही गायक शब्दाच्या मध्ये श्वास घेतात. गाणं गाजलं ते त्या ठेक्यामुळे.

मात्रावृत्त
थालीपीठ, ख्यालाची तुलना इथे बसत नाही. ख्यालात शब्द आधीच माहीत असतो आणि गायक त्याचा विस्तार करतो. इथे श्रोता ओळ पहिल्यांदा ऐकतोय.

जरा मोजून बघू. मला जपानी थोडंच येतं, पण छंद हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. जपानी पद्यात मोजायचं एकक म्हणजे हाकु. हायकूचे पाच-सात-पाच याच हिशोबाने मोजतात. गंमत अशी की आपल्या मात्रावृत्तात जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं, म्हणजे 'सत्य'मधल्या 'स'च्या दोन मात्रा. जपानीत आधीचं अक्षर तसंच राहतं आणि अडलेल्या अर्ध्या अक्षरालाच स्वतंत्र मात्रा मिळते. 'निप्पोन' म्हणजे नि, प्, पो, न्. एकूण चार.

आता ती ओळ घ्या. ना-ना-का-इ-मे-नो-बे-रु-दे झाले नऊ. जु-वा-की-ओ-तो-त्-ता-कि-मि, हेही नऊ. कागदावर ओळ कशी काट्यावर तोललेली आहे! यती, म्हणजे ओळीतला थांबा, 'दे'नंतर यायला हवी, तिथे अर्थही थांबतो. उतादाने ती 'बे'नंतर घेतली. आपल्याकडे शब्दाच्या पोटात यती आली की यतिभंग म्हणतात आणि तो दोष धरतात. हा दोष नकळत झालेला नाही, कारण सुरुवातीलाच 'ना' सुटा टाकून तिने कानाला इशारा दिलाय की या गाण्यात शब्द आणि श्वास वेगळे चालणार आहेत.

थालीपीठ
नऊ-नऊचा हिशोब आवडला. ठेक्यावर मी अजून ठाम आहे.

कॅसेटवाला
यतिभंगाचं विश्लेषण मस्त. पण एक दुरुस्ती, शब्द मोडणारी उतादा पहिली नव्हे. जपानी भाषा रॉकच्या तालात बसते का, यावर तिकडे १९७० च्या सुमारास मासिकांतून चांगलीच खडाजंगी झाली होती. हॅपी एंड या बँडने जपानीतच गाऊन दाखवलं. मग १९७८ मध्ये सदर्न ऑल स्टार्सचा कुवाता केइसुके आला. तो जपानी अशी काही गायचा की शब्द इंग्रजी वाटावेत. लोक म्हणायचे, हा काय गातोय ते कळत नाही. तेव्हा मोडतोड जुनीच.

नवं काय होतं? वेळ आणि माध्यम. १९९८ हे जपानमधल्या सीडीविक्रीचं शिखर. तोपर्यंत बाजारावर कोमुरो तेत्सुया या संगीतकाराच्या वेगवान, नाचत्या गाण्यांचं राज्य. त्यात फेब्रुवारीत गायिका मिसिया आली आणि आर अँड बीचा दरवाजा किलकिला झाला. हामासाकी आयुमी, शीना रिंगो, आयको या तिघींचं पदार्पणही त्याच वर्षातलं. एका वर्षात इतकं पीक! डिसेंबरात उतादा.

आणि ती टीव्हीवरून आली नाही. पदार्पणाआधीच साप्पोरो आणि फुकुओकाच्या एफएमवर तिचे कार्यक्रम चालू होते, गाणं आधी रेडिओवर वाजलं. सुरुवातीला टीव्हीवर ती फार क्वचित दिसली. त्यामुळे लोकांसाठी तिचा चेहरा म्हणजे तो व्हिडिओच.

अबोली_०७
माझ्याकडे आहे हे सिंगल! आठ सेंटिमीटरवालं. पाचेक वर्षांपूर्वी ओसाकाला नवऱ्याच्या बदलीमुळे राहत होतो, तेव्हा जुन्या सीडींच्या दुकानात शंभर येनच्या टोपलीत मिळालं.

त्या काळी जपानात सिंगल छोट्या चकतीवर यायचं. तिचं कव्हर उभट पुठ्ठ्याचं, लांबुडकं. त्याला तिकडे तान्झाकु म्हणतात, तानाबाताच्या सणाला इच्छा लिहून बांबूला बांधतात त्या कागदी पट्टीसारखं दिसतं म्हणून. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचा साचा, त्याच्या वरच्या निम्म्यात चकती, खालचा निम्मा रिकामा. पुठ्ठ्याला अजून कुणाच्या तरी घरातल्या उदबत्तीचा वास होता.

उत्साहाने गाडीच्या स्टिरिओत घातली आणि अडकली. फटीतून आत ओढणाऱ्या यंत्रांना ही लहान चकती चालत नाही. गॅरेजवाल्याने पूर्ण डॅशबोर्ड उघडून काढली. चरा एकही नाही पडला, देवाची कृपा. ट्रे बाहेर येणारा प्लेअर असेल तर बघा, ट्रेमध्ये मधोमध आणखी एक लहान खळगा असतो. तो याच चकतीसाठी.

कॅसेटवाला
अबोली, जपून ठेवा. 'ऑटोमॅटिक' आठ आणि बारा सेंटिमीटर अशा दोन्ही चकत्यांवर निघालं आणि ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या खपाच्या, यादीत दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या गेल्या. बारावाली दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आठवाली चौथ्या. दोन्ही मिळून वीस लाखांवर खप, तरीही पहिला क्रमांक कधीच नाही. त्याचं उट्टं 'फर्स्ट लव्ह' अल्बमने काढलं. मार्च १९९९ मध्ये आला, ७६ लाखांहून जास्त प्रती गेल्या. जपानात इतका खप आजवर दुसऱ्या कुठल्याच अल्बमचा नाही.

रातकिडा
वीस लाख खपून दुसरा नंबर!

जुनाट_रेडिओ
सगळे त्या पोरीच्या नवेपणाबद्दल बोलताय, मी जरा तिच्या घराबद्दल बोलतो. तिची आई फुजी केइको. एन्का गायिका. एन्का म्हणजे विरह, पाऊस, रात्रीची स्टेशनं, दारूच्या पेल्यापाशी बसलेली एकटी माणसं. गळ्यातला कोबुशी नावाचा हेलकावा ही त्याची खूण, आपल्या कानाला मुरकीची आठवण व्हावी असा. फुजी केइको १९६९ मध्ये शिंजुकूतल्या एका बाईचं गाणं घेऊन आली. १९७० मध्ये तिचे दोन अल्बम लागोपाठ मिळून ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. आवाज खरखरीत, जखमेवर बोट ठेवल्यासारखा. तिचे वडील रोक्योकू गाणारे, म्हणजे शामिसेन या तीनतारी वाद्याच्या साथीने कथा गाऊन सांगणारे, आणि आई डोळ्यांनी अधू, शामिसेन वाजवणारी. गावोगाव फिरून पोट भरणारं घर ते.

आता 'ऑटोमॅटिक' पुन्हा ऐका. ठेका न्यूयॉर्कचा. उतादाचा जन्मही तिथलाच, १९८३ चा. पण ओळीच्या शेवटी आवाज जिथे किंचित थरथरतो आणि विरतो ना, तिथे मला आजीचं शामिसेन ऐकू येतं. कुणी म्हणेल माझ्या मनाचे खेळ. मला तसं वाटत नाही. तीन पिढ्या गाणाऱ्या घरात श्वास कुठे घ्यायचा हे कुणी शिकवत बसत नाही.

मात्रावृत्त
काय लिहिलंत! माझं सगळं मोजमाप यापुढे ठेवून देतो.

पाणपोई
मी उतादाला किंगडम हार्ट्स या गेममुळे ओळखतो. २००२ चं 'हिकारी'. मेनूच्या पडद्यावर तासन् तास नुसता बसून राहायचो. 'ऑटोमॅटिक' आज पहिल्यांदा ऐकलं.

निशिकासाई_लोकल
अवांतर, पण धाग्यात पुणेकर दिसतायत म्हणून. हल्ली इथे तरुणांत फुजिई काझे या गायकाची हवा आहे. तो ओकायामा प्रांतातला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. दोघांचा संबंध एवढाच, पण मी आईला सांगितलं तेव्हा ती बागेत फिरायला जाताना त्याचंच गाणं लावून गेली. आता ती मला त्याच्या नव्या गाण्यांच्या लिंका पाठवते.

बकुळफूल
निशिकासाई_लोकल, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आम्ही वर्गातले परीक्षेआधी त्याच बागेत पाठांतराला बसतो.

सांजवेळ
एक सांगावंसं वाटतं. उतादांनी २०२१ मध्ये आपण नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त बाई न मानणाऱ्या, असल्याचं सांगितलं. मराठीत क्रियापदाला लिंग लागतंच, जपानीत लागत नाही. या ओळीत तर फोन उचलणारा 'किमी', म्हणजे 'तू', पुरुष की बाई हेही कळत नाही. 'उचललास' की 'उचललीस' हा प्रश्न तिथे उठत नाही, रिसीव्हर बिचारा नपुंसकलिंगी. मी लिहिताना आदरार्थी 'उतादांनी' असं लिहिते, त्यात निभावतं. पंधराव्या वर्षीच्या त्या मुलीला कुणी 'ती' म्हटलं तर माझी हरकत नाही.

मात्रावृत्त
मुद्दा महत्त्वाचा. एक छोटी दुरुस्ती: 'रिसीव्हर' मराठीत पुल्लिंगीच वापरतात, आणि 'उचललास' हे त्या रिसीव्हरच्या लिंगावरून येतं, उचलणाऱ्याच्या नव्हे. म्हणजे या एका ओळीत मराठीनेही 'तू'चं लिंग झाकूनच ठेवलंय!

सांजवेळ
खरंच की! हे लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद.

ट्रंककॉल
नमस्कार. मी वाचनमात्र सभासद, क्वचित लिहिते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे 'सातवी रिंग' वाचून राहवलं नाही.

फोन करणाऱ्याला जी रिंग ऐकू येते तिला प्रत्येक देशाची चाल असते. आपली 'ट्रिंग-ट्रिंग': ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद थांबा, परत ०.४ सेकंद आवाज आणि मग दोन सेकंद शांतता. जपानची एकच लांब रिंग: एक सेकंद आवाज, दोन सेकंद शांतता. म्हणजे सहा रिंगा पूर्ण व्हायला अठरा सेकंद लागतात आणि मग सातवी सुरू होते. अठरा सेकंद म्हणजे थोडा वेळ नव्हे. आमच्याकडे लोक चौथ्या-पाचव्या रिंगला 'कुणी घरी नाही वाटतं' म्हणत फोन ठेवायचे. सातव्यापर्यंत थांबणाऱ्याला बोलायची फार निकड असते.

आणि आता बकुळफूलचा प्रश्न. मला जपानी अजिबात येत नाही, पण तुम्ही लिहिलेली ओळ दोनदा वाचली आणि मग गाणं ऐकलं. पलीकडच्याने रिसीव्हर उचलला की रिंग तिथल्या तिथे तुटते, अर्ध्यात. पूर्ण वाजून संपत नाही. हे आम्ही दिवसातून शेकडो वेळा ऐकायचो. तुमच्या गाण्यात 'बेरु' अर्ध्यात तुटतो आणि पुढच्याच शब्दांत रिसीव्हर उचलला जातो. मग तो शब्द मोडलाय असं कसं म्हणायचं? बेलच मध्ये तुटलीय.

मात्रावृत्त
ट्रंककॉल ताई, हे वाचून मी उठून उभा राहिलो. आयुष्यभर यतिभंगाला दोष म्हणत आलो. हा यतिभंग तर अर्थच वाहून नेतोय. आणि अठरा सेकंद, ओळीच्या मात्राही अठरा. हा निव्वळ योगायोग, पण वहीत लिहून ठेवला.

थालीपीठ
ठेक्याचा हट्ट सोडला. ताई, असं अजून लिहा.

कॅसेटवाला
दुसऱ्या कडव्यात तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर लुकलुकणारी अक्षरं आहेत, त्यांवर हात ठेवला की ऊब लागते. १९९८ सालचं गाणं! फोनवरून सुरू होऊन पडद्यापर्यंत जाणारं. आणि पहिल्या कडव्यात ती म्हणते की नाव न सांगताही नुसत्या आवाजावरून तू ओळखतोस. एक्स्चेंजमधल्या माणसाला हे जास्त कळणार.

ट्रंककॉल
खरं आहे. आम्ही ऑपरेटर एकमेकींना आवाजावरूनच ओळखायचो. सोलापूर एक्स्चेंजची एक बाई मला अकरा वर्षं आवाजाने माहीत होती. मी तिच्या मुलीच्या लग्नाला गेले, तेव्हा मंडपात पाठीमागून 'या' ऐकलं आणि न वळता तिचं नाव घेतलं.

अबोली_०७
डोळ्यांत पाणी आलं.

बकुळफूल
मंडळी, आज परत शनिवार. ट्रंककॉल ताईंचा प्रतिसाद सेन्सेईंना वर्गात वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आम्हाला टाळ्यांवर नऊ-नऊ मात्रा म्हणायला लावल्या, आधी सरळ, मग 'बे'वर हात हवेतच थांबवून. दुसऱ्या वेळी चौदाही जणांनी ओळ बरोबर लिहिली.

नंतर त्यांनी सांगितलं की १९९९ च्या हिवाळ्यात त्या साप्पोरोत विद्यार्थिनी होत्या आणि हे गाणं त्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकलं, बाहेर छातीएवढा बर्फ साचलेला असताना. घरी साताऱ्याला फोन करायचा तो महिन्यातून एकदा, रविवारी, कार्ड घालून. पैसे वाचवायचे म्हणून बोलायचं काय ते आधी कागदावर लिहून न्यायच्या. त्यांच्या आई मात्र पहिली रिंग पुरी वाजूच द्यायच्या नाहीत. उचलायच्या आणि थेट विचारायच्या, 'जेवलीस का?'

पुढच्या आठवड्यासाठी दुसरं कडवं लिहून न्यायचंय. पडद्यावरच्या अक्षरांची ओळ मला 'चिकाचिका'पर्यंत कळतेय, पुढे अडलेय. निशिकासाई_लोकल, तुमच्या साहेबांना विचारता का?

निशिकासाई_लोकल
सोमवारी विचारतो. 'चिकाचिका' म्हणजे लुकलुक, डोळ्यांना टोचणारी. साहेबांना दुसरं कडवं तोंडपाठ आहे, मी पाहिलंय.